करपलेल्या रबराचं मंजूर नाव

सांवेर रोडवरच्या एका कारखान्यात कुकरच्या रबरी रिंगा तयार होतात. तिथल्या कामगारांचं मनोबल खालावल्याचं व्यवस्थापनाच्या लक्षात आलं, आणि उपाय म्हणून पंखे न लावता शब्द बदलायचं ठरलं.

त्यासाठी पुण्याहून शमिका नावाच्या सल्लागार आल्या. दिवसभर 'स्कॉर्च', 'अंडरक्युअर', 'रिजेक्ट' ऐकून माणूस आतून खचतो, असं त्यांनी पडद्यावर आलेख दाखवून सिद्ध केलं. तेव्हापासून साच्यात जाण्याआधीच करपलेल्या रबराला स्कॉर्च म्हणायचं नाही, 'प्री-रेडी' म्हणायचं. कच्ची राहिलेली रिंग 'ग्रोइंग' झाली. 'रिजेक्ट' तर समूळ रद्द.

एका सकाळी माल तपासणाऱ्या चारुलताबाईंनी रिंग जराशी ताणली, तर ती हातातच तुटली. दुसरी, तिसरी, तेच. अख्खा घाणा करपलेला. हा माल बाजारात गेला तर एकही कुकर वाफ धरणार नव्हता, आणि ट्रक भरून गेटपाशी उभा होता. बाई धावत मॅनेजर विक्रांतजींच्या केबिनमध्ये शिरल्या.

"सर, ट्रक रुकवा! माल स्कॉर्च—"

"चारुलताजी, शब्द."

बाईंनी शब्द बदलला. "माल प्री-रेडी आहे."

"अरे वा! मग ट्रक अजून उभा का?"

"सर, तुम्हाला माहीत आहे ना, तो शब्द आपण कशाला वापरतो?"

"मला आहे हो. हेड ऑफिसला नाही. त्यांना काय सांगू, माल तयार होता म्हणून थांबवला?"

"रिजेक्ट झाला म्हणा."

"रिजेक्ट आपल्याकडे होतच नाही."

ट्रक गेला. मग हेड ऑफिसनं रास्त प्रश्न विचारला: जिथे काहीच नापास होत नाही, तिथे तपासायला बाई कशाला? चारुलताबाईंना काढलं नाही. 'काढणे' मंजूर नव्हतं. त्यांना मोकळीक देण्यात आली.

निरोपाचं जेवण विक्रांतजींच्या तुकोगंजच्या घरी झालं. कुकरला रिंग अर्थातच कारखान्याची, नवी कोरी. वाफ चहूबाजूंनी फुसफुसत राहिली, शिट्टी काही होईना. शेवटी वहिनींनी वरण तसंच वाढलं. डाळ दाताखाली कचकच वाजत होती.

"कसं झालंय?" वहिनींनी विचारलं.

"कच्चं आहे हो," चारुलताबाई हळूच म्हणाल्या.

पंगतीत कुणीतरी कुजबुजलं, "बाई जरा निगेटिव्हच आहेत, नाही का?"

तुम्हीही होतात की त्या पंगतीत. "वा वहिनी, क्या बात है!" म्हणालात, आणि वाटी पुन्हा पुढे केलीत.