उद्धवभाऊंची तपासणी

उद्धवभाऊ कोणाच्याही घरी गेले की पाणी पिण्याआधी अस्वलाचा विनोद सांगत. अस्वल न्हाव्याकडे जातं. न्हावी विचारतो, "दाढी करू का कटिंग?" अस्वल म्हणतं, "आधी माहं तोंड कुठी हाये, थे पाहा!" एवढं सांगून ते स्वतः अजिबात हसत नसत. समोरच्याच्या तोंडाकडे टक लावून बघत बसत.

तशी ती त्यांची नोकरीच होती. ब्रह्मपुरीत आमच्या शेजारी ते एकटेच राहत. सुधारगृहात पोरांची देखरेख करायची, आणि सुटलेली पोरं पुढे नीट निघाली का, हे गावोगाव जाऊन पाहायचं आणि साहेबाला कळवायचं. साहेबाला फक्त एवढंच हवं असे, की पोरानं पुन्हा चोरी केली का. भाऊ उखडत. "चोरी नाई केली म्हंजे सुधारला काय? पोलिसाले भेलाही असन! पोट्टा हासते का, थे पाहा."

एकदा माझ्या शाळेला सुट्टी होती, म्हणून मी त्यांच्यासोबत सिंदेवाहीच्या बाजारात गेलो. मासळीच्या ओळीत एक तरुण झिंगे विकत होता. शेजारी त्याची बायको, पलीकडे सासरा. गिऱ्हाइकाशी बोलता बोलता तो खदखदून हसला. भाऊंनी ते हसू ऐकलं आणि त्यांचं भानच सुटलं.

"अरे सोमा!" ते आनंदानं ओरडले, "सुधारगृहात कधी दात दिसले नाई तुये, अन् आता पाहा!"

सासरा जावयाकडे पाहू लागला. बायकोनं झिंग्यांतला हात काढून घेतला.

"कोन बुवा तुम्ही?" सोमा मान खाली घालून म्हणाला. "थो मी नाई."

भाऊंचे कान लालबुंद झाले. "चुकलं बापा," ते सासऱ्यालाच म्हणाले. "मले आताशा दिसतच नाई. दुसऱ्याच पोट्ट्याले समजलो." आणि एका टोपलीला अडखळत ते बाजाराबाहेर आले.

मोटरीत बसल्यावर त्यांनी विचारलं, "सासऱ्याले पटलं असन काय, गुरुजी?"

"पटलं असेल."

नागभीड आलं, तरी ते तेच विचारत होते.

"सुधारगृहात हिवताप भरला होता तवा माहा हात सोडत नव्हता थो. मले बाबा म्हने." त्यांनी तोंड खिडकीकडे फिरवलं. "बराबर केलं त्यानं. ओळख नाई देल्ली, थे बराबरच केलं. मीबी आता त्याले ओळखत नाई, गुरुजी. तुमीबी ओळखू नका."