सरकीची लस

भुजंगरावांच्या घरात पापडाच्या डब्यापासून देव्हाऱ्यातल्या तेलापर्यंत प्रत्येक वस्तूला चिठ्ठी असायची: काय, कधी आणलं, कधीपर्यंत चालेल. जालन्यातल्या एका बियाणे कंपनीत तीस वर्षं त्यांनी ओल्या कागदावर शंभर-शंभर दाणे मांडून कोंब मोजले होते. रिटायर झाले, पण खोड गेली नाही. मी त्यांच्या शेजारचा मास्तर. माझ्या नव्या छत्रीलासुद्धा चिठ्ठी लावली या माणसानं!

घरात ते एकटेच, आणि सरकी नावाची पांढरी मांजर. उंबऱ्याबाहेर तिनं कधी पाय टाकला नाही. एकदा जनावरांच्या डॉक्टरांनी मांजरांच्या ल्युकेमियाच्या, म्हणजे विषाणूनं होणाऱ्या रक्ताच्या कॅन्सरच्या, लसीचा विषय काढला. म्हणाले, "हा रोग मांजराकडून मांजराला होतो. ही एकटी घरातच राहणार असेल तर नाही दिली तरी चालेल. दुसऱ्या मांजराची संगत होणार असेल तर मात्र द्या."

झालं! भुजंगरावांनी दोन महिने माझं डोकं खाल्लं.

"सर, इचार करून राह्यलो. टोचायची का न्हाई?"

"अहो, ती जाते कुठं? कशाला उगाच त्या जिवाला त्रास?"

"बराबर हाय. पण पक्कं बघितल्याबिगर मी कायच ठरवत न्हाई."

मग वहीत नोंदी सुरू झाल्या: 'सकाळी खिडकीबाहेर बोका. अंतर चार फूट.' तो बोका माझाच, वाघ्या. गावभर उंडारून खायला तेवढा घरी येणारा. मी हसून हसून बेजार.

दिवाळीनंतर त्यांनी एकाएकी लस मागवली. आधी सरकीचं रक्त तपासून घेतलं, त्यात काही निघालं नाही, मग टोचली. मला रागच आला.

"शेवटी टोचलीच ना? ही काय आता गावाला जाणार आहे?"

भुजंगराव बराच वेळ तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

"जाणार हाय," ते म्हणाले. "माझा बी रिपोर्ट आलाय, सर. चांगला न्हाई. मंग हिला कोण हाय तुमच्याबिगर? आन् तुमच्याकडं तर वाघ्या. तशीच कशी पाठवू?"

इतके दिवस मी हसत होतो, त्याची लाज वाटली.

दुसरा डोस महिन्याभरानं होता. तेव्हा भुजंगरावांना जाऊन चार दिवस झाले होते. सरकीची टोपली मांडीवर घेऊन मी दवाखान्यात बसलो आणि टोपलीला बांधलेली चिठ्ठी दिसली. अक्षर त्यांचंच: 'सरकी. पहिला डोस दिला. दुसरा सर देतील.'

कधीपर्यंत चालेल, तेवढं मात्र लिहिलं नव्हतं. चारचौघांत मला रडू फुटलं.