काळजाला काडी

दर शनिवारी दुपारी चार वाजता आमचे घरमालक शमुवेलकाका माफी मागायला बाहेर पडतात.

अंघोळ करून, इस्त्रीचा पांढरा सदरा घालून, सायकलला पिशवी अडकवून निघतात. पिशवीत पाण्याची बाटली आणि एक कागद असतो. त्या आठवड्यात ज्यांच्याशी भांडण झालं त्यांची नावं त्यावर लिहिलेली असतात. काकांचा स्वभाव तापट, त्यामुळे कागद बहुधा दोन्ही बाजूंनी भरलेला असतो.

मी हिंगोलीत त्यांच्या पुढच्या खोल्यांत भाड्याने राहायला आले, त्याच आठवड्यात नळावरून आमचं वाजलं. माझी बादली भरून वाहत होती आणि मी मुलांचे पेपर तपासत बसले होते. काका अंगणातून ओरडले, "मास्तरीनबाई, तुमी पान्याच्या दुश्मन हात!" मला रडूच आलं. औंढ्याजवळच्या आमच्या खेड्यात दोन घागरींवर दिवस काढलेली मी, आणि पाण्याची दुश्मन!

शनिवारी दारात टोपी हातात घेऊन हेच गृहस्थ उभे.

"मंगळवारी मी तुमाला पान्याच्या दुश्मन म्हनलो. माफी करा."

"असू द्या हो काका."

"असू द्या न्हाई. माफ केलं म्हना."

"माफ केलं."

"आता मनातून म्हना. हे तोंडातून आलं."

तीनदा म्हणायला लावलं तेव्हा हलले. जाताना दाराकडे बघून म्हणाले, "पाटी काहून न्हाई तुमची?" दुसऱ्या दिवशी पत्र्याची पाटी ठोकलेली दिसली. त्यावर माझं नाव, आणि नावापेक्षा मोठ्या अक्षरांत बी.ए., बी.एड. आमच्या घरात दहावीपुढे गेलेली मी पहिलीच. आमच्या घरच्यांनाही ती पदवी कशाची हे नीट सांगता येत नाही. काकांनी मात्र ती ऑइलपेंटने रंगवून टाकली होती.

काका हळद शिजवणारे. हंगामात कुकर घेऊन ते शेतोशेत फिरायचे. कुकर म्हणजे वाफेवर हळद शिजवायच्या मोठाल्या टाक्या. आता वयामुळे स्वतः फिरत नाहीत, पण शेतकरी अजूनही त्यांना गाडीवर बसवून नेतात. कारण हळद शिजली की नाही हे काकांनी सांगायचं. ते वाफेतलं हळकुंड उचलतात आणि त्यात बोथट काडी टोचतात. काडी सहज गेली तर शिजली. अडली तर आत कच्ची. "वरून मऊ लागते हो, पर आत दगड," असं म्हणून ते शेतकऱ्याकडे असं बघतात की त्याला वाटावं, हे आपल्याबद्दलच चाललंय.

आणि ते त्याच्याबद्दलच असतं. काकांच्या मते काळीज आणि हळद एकच. "देवाची माया तर वरून धो धो येऊन राहिली, बाई. पर काळीज आत कच्चं असलं तर मुरल कशी? म्हनून रविवारी देवळात जायच्या आदी शनिवारी काडी टोचून पाहावं. जिथं अडली, तिथं कुनाचं तरी नाव असते. त्याच्या घरी जावं." चर्चला ते देऊळच म्हणतात.

ही माफीची फेरी मी एकदा डोळ्यांनी पाहिली. सायकल दुरुस्त करणाऱ्या गौसभाईंकडे काका ट्यूबच्या पंक्चरवरून झालेल्या भांडणाची माफी मागायला गेले होते.

गौसभाई म्हणाले, "माफ किया चाचा. मगर गलती तुम्हारीच थी."

"हां, माझी होती."

"पूरी तुम्हारी."

"पुरी कशी? खिळा तुमच्याच दुकानासमोर पडला व्हता!"

पाच मिनिटांत दोघंही उभे राहून ओरडत होते. काका सायकलवर टांग मारून निघाले, कोपऱ्यापर्यंत गेले, थांबले, खिशातून पेन काढलं, कागदावर गौसभाईंचं नाव पुन्हा लिहिलं आणि मागे फिरले. गौसभाईंनी लांबूनच हात जोडले, "आव चाचा, आव. चाय तो पीके जाव इस बार."

एकदा त्यांनी गल्लीतल्या कुत्र्याला चप्पल मारली होती. त्याचंही नाव यादीत होतं. कुत्र्यापुढे भाकरी ठेवून काका बराच वेळ उकिडवे बसले होते. कुत्र्याने माफ केलं की नाही हे कसं कळलं, असं मी विचारलं. "शेपूट हालवली की. मानसापरीस बराबर सांगते ते."

महिन्याच्या पहिल्या रविवारी त्यांच्या चर्चमध्ये प्रभुभोजन असतं. भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा घोट सगळ्यांनी मिळून घ्यायचा. त्याची सगळी तयारी काकांची. टेबलावरच्या कापडाला इस्त्री करायची, बोटभर उंचीचे पेले धुऊन पुसायचे, सगळ्यांच्या तासभर आधी जाऊन दार उघडायचं. एकदा त्यांनी मला बोलावलं, म्हणून मी गेले आणि त्यांच्या शेजारी बसले. थाळी आमच्या ओळीत आली. काकांनी ती दोन्ही हातांनी धरली आणि स्वतः काही न घेता पुढे दिली. पेल्यांचंही तसंच.

येताना मी विचारलं. काका सायकल ढकलत चालले होते.

"एक नाव ऱ्हायलंय," म्हणाले. "ते असस्तोवर मला घेता येत न्हाई. सात वर्सं झाली."

पुढे विचारायची माझी हिंमत झाली नाही. एवढं मात्र लक्षात आलं होतं की पहिल्या रविवारच्या आदल्या दिवशी ते फेरी सकाळीच उरकतात आणि दुपारच्या बसने कुठेतरी जातात.

कुठे जातात ते गेल्या महिन्यात कळलं. अशाच एका शनिवारी मी शाळेच्या प्रशिक्षणासाठी आखाडा बाळापूरला गेले होते. परत निघाले तर रस्त्याकडेच्या कडुलिंबाखाली काका उभे. पांढरा सदरा, हातात कागद. समोर शिलाईचं दुकान, दारातच मशीन आणि मशीनवर खाली मान घालून बसलेली एक बाई. काकांनी रस्त्यावर एक पाय टाकला, परत मागे घेतला. कागद घडी करून खिशात ठेवला. वळले तर समोर मी.

"माझी रूथ," एवढंच म्हणाले. मग एसटी स्टँडच्या दिशेने चालता चालता बाकीचं सांगितलं. या लेकीने स्वतःच्या मनाने लग्न केलं होतं. नवऱ्याला घेऊन पाया पडायला आली, तेव्हा काकांनी उंबऱ्यावरूनच सांगितलं होतं की हे दार तुला कायमचं बंद. बायको आधीच वारलेली. त्या दिवसापासून घरात ते एकटे. "गौसभाईपाशी जाता येते, कुत्र्यापाशी जाता येते. हितं काडीच आत जात न्हाई, बाई. अजून कच्चं हाय माझं. पुरं तयार झालं की जाईन."

त्यांना बसमध्ये बसवून दिलं आणि प्रशिक्षणात वही विसरल्याचं खोटं सांगून मी दुकानात गेले. मधे पडणं बरं नव्हे हे कळत होतं, तरी गेले.

रूथने माझं ऐकून घेतलं. मशीनचं चाक हाताने थांबवलं. "मला म्हायती हाय. ते यायच्या शनिवारी दुकान बंद ठेवत नाही मी. मशीन आत होती, ती दारात आनली, त्यांना दिसावं म्हणून. हाक मारावी वाटते, पर हाक ऐकून निघून गेले तर मंग येनंच बंद व्हईल." मग डोळे पुसून हसली, अगदी काकांसारखं. "बाबांना सांगा, जादा शिजलेल्या हळदीचा रंग जातो. त्यांनीच शिकवलंय."

संध्याकाळी मी निरोप सांगितला. काका खवळले. "तुमाला कुनी सांगितलं मधात पडायला?" दार धाडकन लागलं. दहा मिनिटांनी तेच दार उघडलं. टोपी हातात.

"माफी करा, मास्तरीनबाई. सकाळी बाळापूरची पयली बस कितीला हाय?"

"पण काका, उद्या प्रभुभोजन. तुमची तयारी? कापडाची इस्त्री?"

"राहू द्या. तुमी बी चला. मधात पडल्याच हात तर पुऱ्या पडा."

सकाळी बसमध्ये त्यांनी कागद चारदा वाचला. सदरा कालचाच, चुरगळलेला. दुकान बंद होतं. बाजूच्या अंगणात रूथ झाडत होती आणि पाच-सहा वर्षांची एक पोरगी ओट्यावर बसून दात घासत होती. काका फाटकाशी उभे राहिले. कागद उघडला. चष्मा हिंगोलीतच राहिला होता.

पोरीने फेसाच्या तोंडानेच आरोळी दिली, "आई! लिंबाखालचे आजोबा आले!"

काकांच्या हातून कागद खाली पडला. त्यांनी तो उचलला नाही.

"रूथ," ते म्हणाले, "सात वर्सांमागं मी तुला..."

"बाबा, आदी च्या घ्या."

"न्हाई. आदी माफ केलं म्हन."

"ते कवाच केलं. मशीन दारात आनली त्या दिशी."

"आता मनातून..." काकांनी सवयीने सुरुवात केली आणि खाली पाहिलं. पोरगी येऊन त्यांचं बोट धरून उभी होती.

काका आणि मी चर्चमध्ये पोचलो तेव्हा उपदेश निम्मा झाला होता. इतक्या वर्षांत काका पहिल्यांदाच उशिरा आले. टेबलावरच्या कापडाला सुरकुत्या होत्या, पेले कुणीतरी घाईघाईने मांडलेले. काकांनी तिकडे पाहिलंही नाही. घामाने भिजलेला सदरा घालून ते शेवटच्या बाकावर बसले.

थाळी आमच्या ओळीत आली. नेहमीसारखी त्यांनी ती दोन्ही हातांनी धरली. ती घेऊन पुढे द्यायला मी हात केला. पण त्या दिवशी ती त्यांच्यापाशीच थांबली, इतका वेळ की पुढच्या बाकावरचे लोक वळून बघू लागले. कुणी घाई केली नाही.

मग काकांनी एक हात थाळीखालून काढला आणि भाकरीचा तुकडा उचलला.