रकाना ब

जी गोष्ट एका रकान्यात मावत नाही ती मुळात अस्तित्वातच नसते, हे सत्य मानवजातीला अजून नीटसं उमगलेलं नाही. श्रीरंगराव घाटे यांना मात्र ते नोकरीच्या पहिल्याच दिवशी उमगलं. श्रीरंगराव मूळचे नागपूरचे, राहणार एडिसन, न्यू जर्सी. एका औषध कंपनीच्या डेटाबेसची ते चौदा वर्षं निगा राखत होते.

म्हणूनच २००१ साली मराठी मंडळाने गणेशोत्सवात ‘गुणवंत गौरव’ सुरू करायचं ठरवलं, तेव्हा नियमावलीचं काम आपसूक त्यांच्याकडे आलं. हायस्कूल संपवून कॉलेजला निघालेल्या मुलांना शाल-नारळ द्यावा, एवढीच मूळ कल्पना होती. श्रीरंगरावांनी तिला शिस्त लावली. काही तरतुदी अशा:

नियम २. विद्यार्थी पुढे काय होणार, हे फॉर्मवर एका शब्दात लिहावे.

नियम ४. तो शब्द डॉक्टर, इंजिनिअर किंवा तत्सम असल्यास नाव रकाना अ मध्ये जाईल. (तत्सम म्हणजे काय, हे समिती पालकांकडे बघून ठरवील.) रकाना अ ला स्टेज, शाल, नारळ व फोटो.

नियम ५. उर्वरित सर्व रकाना ब. त्यांनी जागेवरच उभे राहून नमस्कार करावा. टाळ्या ऐच्छिक.

नियम ७. चुकून दिलेली शाल तिथल्या तिथे परत घेतली जाईल.

पाच वर्षांत रकाना अ मध्ये चौसष्ट मुलं गेली, ब मध्ये तीन. (त्यांतल्या एकाचं कुटुंब पुढे नॉर्थ कॅरोलिनात, कॅरीला राहायला गेलं. नोकरीमुळे, असं सांगण्यात आलं.)

फॉर्म कॉम्प्युटरवर आखून दिला होता श्रीरंगरावांच्या तेरा वर्षांच्या मुलीने, इलाने. रेघा अगदी सरळ आल्या होत्या.

“हू गोज इन ब, बाबा?” तिने विचारलं होतं.

“कोणी नाही गं. नुसता कॉलम असतो.”

या कामाबद्दल तिला ओक ट्री रोडवर एक मलई कुल्फी मिळाली आणि विषय संपला.

तो २००६ च्या एप्रिलमध्ये पुन्हा निघाला. इलाने जाहीर केलं, की ती हॉलंडमधल्या एका आंतरराष्ट्रीय कॉलेजात लिबरल आर्ट्स अँड सायन्सेस शिकायला जाणार. अर्ज तिने परस्पर केला होता, इंटरव्ह्यू फोनवर दिला होता आणि प्रवेशही मिळवला होता. कॉलेजचं बावीस पानी माहितीपत्रक श्रीरंगरावांनी ऑफिसात छापून तीनदा वाचलं. वर्गात फक्त पंचवीस मुलं. चाळीस देशांची पोरं एकाच आवारात राहणार. सकाळी तत्त्वज्ञान, दुपारी मेंदूचं शास्त्र, हौस असेल तर पूरनियंत्रण. पहिलं वर्षभर मुख्य विषय ठरवायची सक्ती नाही. कॉलेज उत्तमच होतं. फक्त त्यात शिकून माणूस काय होतो, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. एखादं पान प्रिंटरने खाल्लं असेल म्हणून त्यांनी सगळं पुन्हा छापलं. पानं बावीसच निघाली.

“हे सगळं ठीक आहे, पण शेवटी तू होणार काय?”

“एज्युकेटेड, बाबा.”

श्रीरंगरावांनी हा शब्द मनातल्या मनात फॉर्मवर लिहून पाहिला. जागेत बसत होता. नियम चारमध्ये बसत नव्हता.

“जाऊ दे ना तिला,” त्यांची बायको पद्मिनी म्हणाली. “सगळं स्वतः मॅनेज केलंय पोरीने. तुला तुझ्या वेळी कोणी विचारलं तरी होतं का?”

कोणी विचारलं नव्हतं. त्यामुळेच तर सगळं सुरळीत झालं, असं श्रीरंगरावांचं मत होतं.

मे महिन्यात वाणसामानाच्या दुकानात शोभनामावशी भेटल्या. मावशी मंडळातल्या सर्वांत ज्येष्ठ. “इला युरोपला निघाली म्हणे? मेडिकल का रे?” त्यांनी विचारलं. अंदाज रास्त होता. इथे मेडिकलला नंबर न लागलेली मंडळाची दोन-तीन मुलं समुद्रापार जाऊन डॉक्टर होऊन आली होती.

श्रीरंगराव तत्त्वाचे पक्के. खोटं बोलणं त्यांच्या रक्तात नाही. ते म्हणाले, “सायन्सेस आहे, मावशी.” (कोर्सच्या नावातला शेवटचा शब्द. आधीचे शब्द मावशींचा वेळ वाचावा म्हणून गाळले.)

पुढच्या सहा आठवड्यांत एकोणतीस जणांनी चौकशी केली. सव्वीस जणांनी “मेडिकल का?” असं विचारलं, आणि सव्वीसही वेळा श्रीरंगराव “चहा घेणार ना?” असं म्हणाले. अशा रीतीने कोणीही खोटं न बोलता इला दीड महिन्यात डॉक्टर झाली. इतका कमी कालावधीचा अभ्यासक्रम युरोपात कुठेही उपलब्ध नाही. मावशींनी गुडघ्याचा एक्स-रे घरी आणून दिला. फ्रीमाँटहून एका हाडांच्या डॉक्टरच्या आईने पत्रिका मागवली. समितीचे सचिव अनिल यांनी तर इलाचा फॉर्म स्वतःच भरून टाकला. “तुझ्याच मुलीसाठी तुला कशाला त्रास, यार,” ते म्हणाले.

श्रीरंगरावांना लाज वाटली. अगदी फार नाही, पण वाटली. इलाच्या खोलीवरून जाताना ते हल्ली पाय न वाजवता जात.

त्या वर्षी गणपती सत्तावीस ऑगस्टला, चक्क रविवारीच आले. मंडळाला तारीख सरकवावी लागली नाही, हा शुभशकुन मानण्यात आला. सोमवारी इलाचं विमान होतं. शाळेच्या जिममध्ये बास्केटबॉलच्या जाळीखाली मखर मांडलं होतं, आणि श्रीरंगराव हातात यादी घेऊन स्टेजच्या कोपऱ्यात उभे होते.

“आता येत आहे आपली भावी डॉक्टर, कुमारी इला घाटे!” अनिलनी पुकारलं.

मावशींनी शाल घातली, नारळ दिला. फोटो निघाला. मग इलाने अनिलच्या हातातून माइक घेतला.

“थँक यू. पण मी डॉक्टर नाही होणार. मी लिबरल आर्ट्स अँड सायन्सेस शिकायला जातेय. पुढे काय होणार, ते... आय डोन्ट नो येट.”

पावणेतीनशे माणसं गप्प झाली. मंडळाच्या इतिहासात हे प्रथमच घडत होतं. इलाने शाल काढली, काठाला काठ जुळवून घडी केली आणि बाबांच्या हातात ठेवली.

“रूल सेव्हन,” ती हळूच म्हणाली. “तुम्ही म्हणाला होता, ब मध्ये कोणी नसतं. आय विल गो सिट देअर.”

खाली जाऊन ती आपल्या खुर्चीपाशी उभी राहिली आणि तिने नमस्कार केला. टाळ्या ऐच्छिक असल्याने कोणी वाजवल्या नाहीत. पद्मिनीने वाजवल्या, एकटीने, बराच वेळ.

अशा वेळी बापाने काय करावं, याची तरतूद नियमावलीत राहून गेली होती. श्रीरंगरावांनी यादी अनिलच्या हातात दिली, शाल काखेत मारली, आणि पायऱ्या उतरून ते इलाच्या शेजारी जाऊन उभे राहिले. तिथून त्यांनीही समितीला नमस्कार केला.

प्रसादाच्या रांगेत मावशींनी त्यांना गाठलं. “अरे, मग ही तिकडे शिकणार तरी काय?”

“बरंच काही, मावशी,” श्रीरंगराव म्हणाले. या वेळी त्यांनी चहाचं विचारलं नाही.

“ते झालं रे. पण शेवटी होणार काय?”

मावशींना कृपया हसू नये. इला पुढे काय झाली, हे या कथेत कुठेही दिलेलं नाही, आणि ते निदान आता तरी कळेल या आशेनेच आपण हे वाक्यही वाचत आहात. समितीतली श्रीरंगरावांची जागा त्या दिवसापासून रिकामी आहे. आपला अर्ज आल्यात जमा आहे.