खोकला कुणाचा?

गायक इदेमुदियाची ती जुनी डिस्को रेकॉर्ड म्हणजे निव्वळ कचरा, हे अख्ख्या बेनिन शहरात ओसाकुएइतकं छातीठोकपणे कुणी सांगू शकत नव्हतं. कारण तिच्यातला ट्रम्पेट त्याचाच होता. आता तोच कचरा कुणी योहान नावाचा जर्मन पुन्हा छापणार होता, आणि कव्हरवर थोबाड कुणाचं, तर इदेमुदियाचं! ओसाकुएला आठवडाभर घास गोड लागेना.

"काय बोलणार त्या गोऱ्याशी?" बायकोनं, इसोकेननं, विचारलं.

"खरं तेच. इदेमुदियाला सूर कशाशी खातात ते ठाऊक नव्हतं म्हणून."

"आणि तो छापायचा थांबेल?"

"न थांबू दे. माझं नाव तरी छापेल."

इस्त्रीचा शर्ट घालून तो इदेमुदियाच्या दिवाणखान्यात पोचला; योहाननं जुन्या साथीदारांना तिथंच बोलावलं होतं. सोफ्यावर इदेमुदिया गावचा राजा असल्यासारखा पसरला होता. कोपऱ्यात जुना ड्रमवाला आयग्बे, आता शिंपी, गळ्यात टेप घालून बसला होता. योहाननं गाणं लावलं आणि तिसऱ्या मिनिटाला थांबवलं.

"हा खोकला!" तो म्हणाला. "बर्लिनमध्ये नाचणारे या खोकल्याची वाट बघत असतात. तो आला की सगळा हॉल एकदम खोकतो. खोकणाऱ्याचं नाव मला कव्हरवर हवंय, इदेमुदियाबाबांच्या शेजारी."

ओसाकुएनं शर्टाची कॉलर ताठ केली. रेकॉर्डिंगच्या ऐन वेळी मिरचीचं सूप ढोसून खोकला होता तोच. स्टुडिओची वेळ संपली होती, म्हणून खोकला रेकॉर्डमध्ये तसाच राहिला. कोण खोकलं म्हणत इदेमुदियानं कोयता पुढं केला, तेव्हा त्याच्या पात्याला जीभ लावून, खोटी शपथ घेणाऱ्याला न सोडणाऱ्या लोखंडाच्या देवाची, ओगुनची शपथ घेऊन ओसाकुए म्हणाला होता, मी नाही, आयग्बे. आयग्बेची त्याच दिवशी हकालपट्टी झाली.

"तो मी," ओसाकुए म्हणाला.

इदेमुदिया सावकाश वळला. "मग ओगुनची शपथ कसली घेतली होतीस? कोयता आहे अजून. आणू?"

"आण. पण खोकला माझाच."

"तुझा कसा?" कोपऱ्यातून आयग्बे बोलला. "चाळीस वर्षं गाव मला खोकल्या म्हणतं. माझ्या पोरांची लग्नं खोकल्याची पोरं म्हणून लागली. आणि आता कव्हरवर यायची वेळ आली, तर तुझा?"

"अरे, तू ड्रम वाजवत होतास!"

"हो. वाजवता वाजवता खोकलो."

योहान गोंधळला. "दोघंही खोकून दाखवता का?"

ओसाकुए खोकला. डोळ्यांत पाणी येईस्तोवर खोकला. तोंडून निघालं ते म्हाताऱ्या बोकडाचं खाकरणं. मग आयग्बेनं छाती भरून घेतली आणि तो एकदाच खोकला. तीच धार, शेवटी तोच चिरकलेला झटका. चाळीस वर्षं लोकांनी चिडवायला तोच आवाज त्याच्या तोंडावर काढला होता. पाठ होणार नाही तर काय?

"हाच!" योहान उठून उभा राहिला.

"आभार मान हं," आयग्बे ओसाकुएच्या कानाशी म्हणाला, "मी तुझं नाव सांगितलं असतं, तर तुझी शपथ खोटी ठरली असती. ओगुन ऐकतोय."

योहाननं कॅमेरा काढला. इदेमुदिया आणि आयग्बे खांद्याला खांदा लावून बसले.

"काका," योहान ओसाकुएला म्हणाला, "जरा बाजूला सरकता? तुमची सावली येतेय."