दोन डोळे ठेवले

सहा एप्रिल, सकाळी सात वाजता, गंगापूर रोडवरच्या एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर, हॉलच्या खिडकीत सईच्या पॅशन फ्रूटच्या वेलीची स्थिती अशी होती: फांद्या एकतीस, पानं चारशे बारा, फळं शून्य, कळी एक. कळीची लांबी साडेतीन मिलिमीटर.

ही एक कळी यायला चौदा महिने लागले होते. या काळात सईने वेलीला काय दिलं नाही? दोन दिवे, एक पंखा, हवेतला ओलावा मोजायचं यंत्र, आणि आईचे पडदे. पडद्याच्या दांडीवर आता वेल होती आणि पडदे कपाटात.

"गणपतीपर्यंत फळ आलं तर ठीक," आईने बजावलं होतं. "नाहीतर वेल खाली सोसायटीच्या कंपाउंडला. या खिडकीत दरवर्षी आपला गणपती बसतो."

"येणार म्हणजे येणार," सई म्हणाली. एम.एस्सी. झालेल्या मुलीने एवढं म्हणायला हरकत नव्हती.

त्या आठवड्यात पिंपळगाव बसवंतहून मोतीराममामा मुक्कामाला होते. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, डाव्या डोळ्यावर झाकण. डॉक्टरांनी सांगितलं होतं: वाकायचं नाही, धुळीत जायचं नाही, आठ दिवस आराम. चाळीस वर्षं द्राक्षबागेत राबलेल्या माणसाला आराम सांगणं म्हणजे माशाला टॉवेल देण्यासारखं. मामा दिवसभर सोफ्यावर बसून उरलेल्या एका डोळ्याने वेलीकडे बघत असत.

सई सातपूरला द्राक्षं तपासायच्या एका प्रयोगशाळेत नोकरीला होती. दुपारी डबा खाताना तिने सहज फोन लावला.

"मामा, डोळ्यांचं काय म्हणता?"

"दोन ठेवले. बाकीचे काढून टाकले."

सईचा घास हातातच राहिला. "काढून टाकले म्हणजे?"

"मंग काय करनार? लय दाटी झाली होती. एक तर पार वाळून गेलेला, हात लावला तर गळूनच पडला."

"मामा, कशाने काढलं तुम्ही?"

"कात्रीनं. पिशवीत असती माझी. थोडं पानी गळतंय, पन थांबंल सांजंपर्यंत. तू जेव निवांत."

सई निवांत जेवली नाही. तिने दवाखान्यात फोन करून "मामांनी कात्रीने डोळा काढला" असं सांगितलं. दवाखान्याने आईच्या ऑफिसात कळवलं. आईने रिक्षा केली आणि वाटेत चार नातेवाइकांना फोन केले. चौथ्यापर्यंत बातमी पोचली तेव्हा मामांचे दोन्ही डोळे गेले होते. सई स्कूटर फेकून जिन्यात शिरली तेव्हा दवाखान्याची गाडी खाली उभी होती आणि हर्षाली सिस्टर पेटी घेऊन तिच्या पुढे दोन पायऱ्या धावत होत्या.

दार उघडंच होतं. हॉलमध्ये गुडघाभर हिरवा ढीग पडला होता आणि मामा स्टुलावर उभे होते.

"पेशंट कुठंय?" सिस्टरांनी विचारलं.

मामांनी कात्री खिडकीकडे रोखली. "हा काय. एका काडीला दोन डोळे ठेवलेत. जास्त ठेवले की नुसता पाला माजतो."

आता सईच्या डोक्यात प्रकाश पडला. द्राक्षवाल्यांचा डोळा म्हणजे काडीवरचा, फांदीवरचा तो ठिपका, जिथून नवी फूट येते. रोज द्राक्षं तपासणाऱ्या मुलीला हे आधी सुचू नये, याची तिला लाज वाटली.

सिस्टरांनी मामांचं झाकण उचलून तपासलं. डोळा ठणठणीत होता. "वाकायचं नाही म्हटलं होतं ना काका?"

"वाकलो नाय. वर चढलो."

"दादा, अरे, काय केलंस हे?" आई धापा टाकत दारातच बसली.

सई ढिगात हात घालून शोधत होती. कळी सापडली. आता तिची लांबी चार मिलिमीटर होती.

"मामा, चौदा महिन्यांनी आली होती ही."

"बघितली मी." मामा हळूच स्टुलावरून उतरले. "एका घडासाठी कुनी बाग थांबवत नाय, बाई."

रात्रीचं जेवण सईने खोलीत घेतलं. मात्र सकाळी सगळे झोपेत असताना ती मिलिमीटर मोजायचं व्हर्नियर घेऊन वेलीजवळ बसली. नुकसान किती झालं ते निदान आकड्यात तरी कळावं! एकतीस फांद्या, एकतीस काप. प्रत्येक काप तिरका, उतार डोळ्याच्या उलट्या बाजूला, म्हणजे गळणारं पाणी डोळ्यावर येऊ नये. डोळ्यापासूनचं अंतर कुठेही नऊ मिलिमीटरपेक्षा कमी नाही, अकरापेक्षा जास्त नाही. हे सगळं एका डोळ्याने, स्टुलावर उभं राहून, काहीही न मोजता. तिने पुन्हा मोजलं. तेवढंच आलं.

मामा उठून आले तेव्हा सईने चहाचा कप त्यांच्या हातात दिला आणि समोर वही उघडली.

"मामा, डोळा ओळखायचा कसा, ते सांगा."

"लिहून घेशील?"

"हो."

"लिहून येत नाय ते. हात दे इकडं."

बाविसाव्या दिवशी फूट आली. जूनच्या शेवटी फुलं आली, आणि सईने रंगाच्या कुंचल्याने एकेका फुलावर पराग लावले. मामा रोज सकाळी फोन करून आधी वेलीची चौकशी करत, मग बहिणीची. चतुर्थीच्या आदल्या दिवशी आईने चौरंग आणून वेलीखाली ठेवला. तो नीट बसतो की नाही, हे तिने तीनदा पाहिलं आणि पडदे धुऊन शेजारच्या सुलाबाईंना देऊन टाकले.

आरतीनंतर, गणपतीला आलेल्या मामांनी पिशवीतून द्राक्षाची गोडी मोजायचं यंत्र काढलं. सईने एक फळ कापून रसाचा थेंब काचेवर ठेवला, नळी उजेडाकडे धरली आणि वहीत लिहिलं: फळं एकोणीस, पिकलेली सहा, सर्वांत मोठं अठ्ठावन्न ग्रॅम, गोडी साडेपंधरा.