बिरवाडीचं इंग्रजी

साहेबाच्या परीक्षेला सोळा दिवस उरले असताना महिपतला कळलं की सहदेव रोज संध्याकाळी बिरवाडीला जातो, आणि त्या दिवसापासून त्याला भाकरी गोड लागेना.

दोघेही कशेडी घाटाच्या रस्त्यावर हजेरी कारकून होते. अकरा वर्षं एकाच तंबूत, सुरुंगाच्या दारूच्या एकाच रिकाम्या खोक्यावर पाठीला पाठ लावून त्यांनी मजुरांची हजेरी लिहिली होती. आता पोलादपूरच्या छावणीवर हेड कारकुनाची एक जागा निघाली होती. जागेबरोबर दोन खोल्यांचं घर मिळणार होतं, पण महिपतचा जीव घरावर नव्हता. तो खुर्चीवर होता. वेताने विणलेली, दोन्ही बाजूंना हात असलेली खुर्ची. जुना हेड कारकून गेल्यापासून ती मोकळी होती, आणि हजेरीचे कागद पोचवण्याच्या निमित्ताने महिपत तिला दोनदा प्रदक्षिणा घालून आला होता. बसला मात्र नव्हता. हक्काची झाल्याशिवाय टेकायचं नाही, असं त्याने मनाशी ठरवलं होतं.

अडचण होती ती नव्या साहेबाची. जुना साहेब मोडकंतोडकं हिंदुस्थानी बोलायचा. हा विलायतेहून नुकताच उतरलेला, इंग्रजीखेरीज त्याला अक्षर येत नव्हतं. त्याने हुकूम काढला. पहिल्या परीक्षेत साहेब बोलेल, ते उमेदवाराने ऐकून समजून घ्यावं. दुसरीत साहेब कागद देईल, तो वाचून त्यातलं विचारेल ते सांगावं. पहिलीत जो पडेल त्याला दुसरी नाही.

वाचनाची महिपतला धास्ती नव्हती. एका म्हाताऱ्या कारकुनाच्या हाताखाली तो इंग्रजी कागद वाचायला शिकला होता, आणि कामावर आलेल्या रंगाच्या डब्यांवरचा मजकूर तो न अडखळता लावायचा. सहदेव अजून ओळीखाली बोट धरून वाचायचा. पण ऐकायचं कुठे? त्यांच्या महाडात इंग्रजी लिहिणारे वकील होते, शिकवणारे मास्तर होते. गोऱ्या माणसासारखं बोलणारं कोणी नव्हतं.

आणि सहदेवला नेमका तोच माणूस सापडला होता. बिरवाडीचा भिकू. मुंबईत बावीस वर्षं एका गोऱ्या साहेबाचा बटलर. साहेब मायदेशी गेला तेव्हा भिकूला त्याने आपली जुनी टोपी दिली होती, आणि ती घालून भिकू बिरवाडीच्या पारावर बसायचा.

"बावीस वरसं इंग्रजी कानात गेलेला मानूस," महिपतची बायको चंद्रभागा भाकरी थापता थापता म्हणाली. "आनि तुमी हितं डबं वाचत बसलाव."

सहदेव बिरवाडीला जातो याचा महिपतला राग नव्हता. आपल्याला आधी का सुचलं नाही, याचा होता. चौथ्या दिवशी भरदुपारी, सहदेव कामावर असताना, बगलेत एक जिवंत कोंबडी धरून महिपत बिरवाडीला पोचला.

भिकूने आधी कोंबडी चाचपून पाहिली, मग महिपतकडे पाहिलं. सहदेवचं काय चाललंय, असं महिपतने सहज विचारल्यासारखं विचारलं.

"त्याला नाय जमत," भिकू म्हणाला. "लय नखरे करतो. शिकनाऱ्यानं कसं नम्र पायजे."

आपण नम्र आहोत, हे महिपतने तिथल्या तिथे सांगून टाकलं, आणि परीक्षेपर्यंत भिकूने आपल्याच घरी राहावं असाही आग्रह केला. गुरू आपल्या ओटीवर आला म्हणजे सहदेवने बिरवाडीच्या कितीही खेपा घातल्या तरी त्याला रिकामा पार दिसणार होता. भिकूने टोपी उचलली.

पहिल्या दिवशी महिपत पाटी घेऊन समोर बसला. भिकूने तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. इंग्रजी काही बाहेर पडेना.

"असं बसून नाय येत," तो शेवटी म्हणाला. "सायेब बोलायचा तवा बसलेला असायचा आनि मी उभा. खुर्ची हाय का?"

खुर्ची शेजारच्या येसूबाईंकडून आणली. तिचा एक पाय तोकडा होता, त्याखाली कौलाचा तुकडा लावला. भिकू टोपी घालून खुर्चीत बसला, त्याने पायावर पाय टाकला, महिपत समोर उभा राहिला, आणि मग मात्र पाटाचं पाणी सुटावं तसं इंग्रजी सुटलं. कसलं पाणी म्हणजे गरम आणि कसलं गार, जोडा काढ कसं म्हणतात, घाल कसं म्हणतात, पंखा हलव, पाय दाब, अंडं कच्चं राहिलं, दार हळू लाव, चालता हो. प्रत्येक वाक्य ऐकून महिपतने ते काम करून दाखवायचं. चुकलं की भिकू तेच वाक्य दुप्पट मोठ्याने म्हणायचा.

महिपत झपाट्याने तयार होत गेला. पाचव्या दिवसापर्यंत भिकूचं वाक्य पुरं व्हायच्या आत त्याचे हात चालू लागले. एका संध्याकाळी पोटऱ्या दुखायला लागल्या तेव्हा, आजचा धडा बसून घेऊ का, असं त्याने भीत भीत विचारलं.

"उभ्यानंच," भिकू म्हणाला. "माजी बावीस वरसं उभ्यानं गेली."

भिकूच्या साहेबाला न्याहारीला दोन अंडी लागत आणि संध्याकाळी रस्सा लागे. ही वाक्यं पक्की व्हायची तर अंडी आणि रस्सा खरोखरचे हवेत, यावर भिकू ठाम होता. चंद्रभागेच्या सात कोंबड्यांच्या चार झाल्या, मग दोन.

"अवो," तिने एकदा नवऱ्याला चुलीपाशी गाठलं, "परीक्षा तुमची हाय का माज्या कोंबड्यांची?"

"हळू बोल. त्याला ऐकू जाईल."

"जाऊ दे की. त्याला मराठी कळतं."

इकडे तंबूत सहदेव आपल्या बाजूने खोक्यावर बसून, बोट धरून, कसलासा जुना इंग्रजी कागद वाचत असायचा. चिडलेला नाही, काही नाही. एकदा त्याने पाठ न वळवता विचारलं, "भिकू बरा हाय ना रे?" महिपतने दिवसभर त्या प्रश्नात बोचणारं काय आहे ते शोधलं, आणि सापडलं नाही म्हणून त्याला ते जास्त बोचलं. सहदेवकडे आणखी कोणीतरी असणार. एखादा गोरा पाद्री असेल, सव गावच्या गरम पाण्याच्या कुंडावर अंग शेकायला आलेला. एक रविवार महिपतने सवला जाऊन कुंडात उतरलेल्या माणसांची तोंडं पाहण्यात घालवला. सगळी आपल्याकडचीच होती.

परीक्षेच्या दिवशी महिपत उजाडताच महाडच्या मोटारअड्ड्यावर हजर झाला. पोलादपूरच्या मोटारीत दोनच जागा उरल्या होत्या. एकीवर तो बसला. दुसरीवर त्याने आपलं गाठोडं ठेवलं आणि त्याचा मालक येतोय म्हणून सांगितलं. थोड्या वेळाने सहदेव आला. त्याने गाठोड्याकडे पाहिलं. ते त्याच्या ओळखीचं होतं. अकरा वर्षं त्यातलीच भाकरी दोघांनी वाटून खाल्ली होती. त्याने वहाणा काढून हातात घेतल्या, धोतर वर खोचलं आणि अकरा मैलांची वाट धरली. महिपतला जरा लाज वाटली, पण मोटार सुरू झाल्यावर वाऱ्याने ती वाळून गेली.

उन्हं चढल्यावर साहेबाने महिपतला आत बोलावलं. तंबूत टेबलाच्या अलीकडे तीच वेताची खुर्ची मांडलेली होती. आज तर ती आपली वाट पाहतेय, असं महिपतला वाटलं. साहेबाने कागदावरून नजर न काढता, हसऱ्या आवाजात, एका दमात काहीतरी म्हटलं.

महिपतने बारा दिवसांचं सगळं इंग्रजी मनात उलटंपालटं केलं. पाणी नव्हतं. पंखा नव्हता. अंडं तर नव्हतंच. तो खुर्चीच्या मागे ताठ उभा राहिला. साहेबाने वर पाहिलं आणि तेच वाक्य जरा मोठ्याने म्हटलं. मोठ्याने म्हणजे आपलं चुकलं. महिपतने घाईने खांद्यावरच्या उपरण्याने खुर्ची पुसली. साहेबाने तिसऱ्यांदा म्हटलं, आता हसू नव्हतं. एवढ्या वेळा सांगावं लागणारी गोष्ट भिकूच्या शाळेत एकच होती. महिपत टेबलाखाली वाकला आणि त्याने साहेबाच्या बुटाच्या नाडीला हात घातला.

त्यानंतर साहेब जे बोलला ते मात्र महिपतला शब्दन् शब्द कळलं. तो मागच्या पावलांनी बाहेर आला आणि तंबूचं दार त्याने शिकवल्याप्रमाणे अगदी हळू सोडलं.

बाहेर सहदेव नुकताच पोचला होता, धुळीने माखलेला, लंगडत. तो आत गेला. महिपतने फटीला डोळा लावला. साहेब तेच वाक्य बोलला, आणि सहदेव धपकन खुर्चीत बसला. साहेबाचा चेहरा खुलला. पुढचं सगळं सोपं होतं. साहेबाने उतारा वाचला, सहदेवला अर्धा समजला, अर्ध्यावर भागलं. मग त्याने बोट धरून कागद वाचला, आणि जागा त्याची झाली.

"बसा म्हनतो तो," दाराशी उभा असलेला छावणीचा पट्टेवाला मुरारी म्हणाला. "येनाऱ्या हरेकाला आदी बसा म्हनतो. फुडचं मग."

परतीच्या मोटारीत सहदेव महिपतच्या शेजारी बसला. गाठोडं महिपतच्या मांडीवर होतं.

"तुला कळलं होतं तो काय बोलला ते?" महिपतने सरतेशेवटी विचारलं.

"कुटलं काय. अकरा मैल चाललो रे. पाय ऱ्हाईनात. म्हटलं, हाकलला तर हाकलला." सहदेव तळव्याचे फोड चाचपत होता. "भिकूला तर मी चौथ्याच दिवशी सोडनार व्हतो. पाय दाबाया सांगतो तो."

महिपतने त्या फोडांकडे पाहिलं. जन्मात त्याला कोणाच्या फोडांचा हेवा वाटला नव्हता, आज वाटला.

घरी भिकू येसूबाईंच्या खुर्चीत टोपी घालून बसला होता. महिपत समोर उभा राहिला, सवयीने.

"भिकूदादा, साहेबलोक बसा कसं म्हणतात?"

भिकूने टोपी काढली. तो बराच वेळ आठवत राहिला. बावीस वर्षं आठवायला वेळ लागतोच.

"ते नाय ठावं," तो म्हणाला. "मला कदी कोन बोललंच नाय."

आतून चंद्रभागा आली. तिने एकदा नवऱ्याकडे पाहिलं, एकदा भिकूकडे. तिने भिंतीला टेकवलेले दोन पाट घेतले आणि शेजारी शेजारी मांडले.

"बसा," ती म्हणाली. "दोगंबी बसा. आनि एकच कोंबडी उरलीय, तिच्याकडं कुनी बगायचं नाय."